कॅमेऱ्याची जादा बॅटरी आणि पर्यायी वीज: काय घ्यावं, काय टाळावं?

रानवाट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन कॅमेरे आहेत. दोघांच्या अडचणी वेगळ्या आहेत, पण विषय एकच म्हणून धागाही एकच काढतोय.

पहिला जुना, खिशात मावणारा ऑलिंपस. त्याला एलआय-४२बी ही बॅटरी लागते. कॅमेरा ठणठणीत आहे, बॅटरी मात्र संपत आलीय. चार्ज पूर्ण दाखवते, पण झूम केला की लेन्स अर्ध्यावर थांबते आणि पडदा काळा होतो. कंपनीची नवी बॅटरी कुठेच दिसत नाही.

दुसरा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा), यूएसबी-सी असलेला. दिवसा पक्ष्यांसाठी आणि रात्री ताऱ्यांच्या टाइमलॅप्ससाठी, म्हणजे ठरावीक अंतराने फोटो काढत राहायच्या मालिकेसाठी, वापरतो. टाइमलॅप्समध्ये मध्येच बॅटरी बदलायला गेलं की ट्रायपॉड हलतो आणि सगळी मालिका वाया जाते. तर प्रश्न असे: जादा बॅटऱ्या ओरिजिनल घ्याव्यात की थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या? पॉवर बँकेवर कॅमेरा रात्रभर चालतो का? आणि डमी बॅटरी म्हणतात ती नक्की काय भानगड आहे? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

पाणकावळा

ऑलिंपसचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा आहे. त्या काळात छोट्या कॅमेऱ्यांच्या बऱ्याच बॅटऱ्या एकाच घडणीच्या असायच्या, प्रत्येक कंपनी फक्त आपलं नाव आणि क्रमांक टाकायची. तुमची एलआय-४२बी फुजीफिल्मकडे एनपी-४५, निकॉनकडे ईएन-ईएल१०, पेंटॅक्सकडे डी-एलआय६३ आणि कोडॅककडे केएलआयसी-७००६ या नावाने यायची. त्यामुळे शोधताना एकाच नावावर अडून बसू नका, ही सगळी नावं टाकून बघा. एका नावाने संपलेला माल दुसऱ्या नावाने हमखास सापडतो.

हे फक्त जुन्या कॅमेऱ्यांपुरतं नाही. पॅनासॉनिकची डीएमडब्ल्यू-बीएलसी१२, लायकाची बीपी-डीसी१२ आणि सिग्माची बीपी-५१ या एकाच कुळातल्या.

मागवण्यापूर्वी जुन्या बॅटरीचा पाठीमागचा मजकूर वाचून घ्या. व्होल्टेज जुळलं पाहिजे, धातूच्या पट्ट्यांचा क्रम जुळला पाहिजे, कडेच्या खाचा जुळल्या पाहिजेत. ३.६ आणि ३.७ यात फरक मानू नका, दोन्ही एका लिथियम-आयन सेलचेच आकडे. पण ३.७ च्या जागी ७.२ आलं तर ती बॅटरी कॅमेऱ्याजवळही नेऊ नका. आणि आत जाताना अडली तर जोर करू नका.

जुनी_पेटी

पाणकावळा यांना अनुमोदन. एक भर घालते, कारण जुने कॅमेरे वापरणारे इथेच फसतात.

‘ओरिजिनल, सीलबंद’ अशी जुनी बॅटरी दिसली की आपण खूश होतो. पण लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होतेच. खोक्यात पडल्या पडल्या तिची क्षमता उतरते आणि आतला रोध वाढतो. रानवाट, तुमची लेन्स अर्ध्यावर थांबते ती या रोधामुळेच. झूमची मोटर एकदम जास्त करंट ओढते, त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि कॅमेरा समजतो की बॅटरी संपली. स्वस्थ बसलेली असताना तीच बॅटरी चार्जरवर पूर्ण भरलेली दिसते.

म्हणून बंद पडलेल्या मॉडेलसाठी माझं मत स्पष्ट आहे: दहा वर्षं पडून राहिलेल्या सीलबंद ओरिजिनलपेक्षा अलीकडे तयार झालेली बऱ्यापैकी थर्ड पार्टी बॅटरी कधीही बरी. उत्पादनाची तारीख विचारा. सांगत नसतील तर घेऊ नका.

टिपूर

मिररलेससाठी मात्र उलट सांगेन. चालू मॉडेल असेल तर निदान एक जादा बॅटरी कंपनीचीच ठेवा.

थर्ड पार्टीवाले वेष्टनावर वाट्टेल तो आकडा छापतात. तो ओळखायची एक सोपी युक्ती आहे. कॅननची एलपी-ई६ ही २००८ साली आली तेव्हा १८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप) होती. मग एलपी-ई६एन आली १८६५ ची. २०२० साली एलपी-ई६एनएच आली २१३० ची. आकार तोच. म्हणजे बारा वर्षांत, स्वतःच्या कॅमेऱ्यासाठी, कंपनीला त्या डबीत तीनशे-साडेतीनशेचीच भर घालता आली. अशा वेळी त्याच मापाच्या बॅटरीवर कोणी ३००० लिहीत असेल तर ते खोटंच आहे.

दुसरी परीक्षा वजनाची. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. आधी ओरिजिनल ठेवा, मग नवी ठेवा. नवी ठळकपणे हलकी भरली तर आतले सेल लहान आहेत, बाकी जागा प्लॅस्टिकने भरलेली. मी हे प्रत्येक वेळी करतो आणि बॅटरी चार्ज करायच्या आधी करतो, म्हणजे परत पाठवता येते.

तिसरी गोष्ट चिपची. आताच्या बॅटऱ्यांमध्ये एक चिप असते, ती कॅमेऱ्याशी बोलते. कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदललं की कालपर्यंत चालणारी थर्ड पार्टी बॅटरी आज ‘ही बॅटरी वापरता येणार नाही’ असा संदेश दाखवू शकते. महत्त्वाच्या कामाच्या आदल्या रात्री फर्मवेअर अपडेट करू नये, त्यामागचं हे एक कारण.

मृदा

टिपूर, तुमचं सगळं पटतं, फक्त थर्ड पार्टी म्हणजे कचरा असा समज होऊ नये म्हणून लिहिते. मी गेली कित्येक वर्षं दोन्ही एकत्र वापरतेय. चांगल्या थर्ड पार्टी बॅटऱ्यांची क्षमता ओरिजिनलच्या जवळपास भरते. खरा फरक दोन ठिकाणी पडतो. एक, टक्केवारी खरी नसते: चाळीस दाखवत दाखवत एकदम शून्यावर येते. दोन, त्या लवकर म्हाताऱ्या होतात. पक्ष्यांमागे फिरताना हे चालून जातं, कारण बॅटरी बदलायला दहा सेकंद लागतात. लग्नाच्या विधीत किंवा लांबलचक व्हिडिओत मात्र ओरिजिनलच लावावी.

प्रत्येक बॅटरीवर मार्करने क्रमांक आणि महिना-वर्ष लिहायची सवय लावा. मग कोणती लवकर दम टाकतेय ते कळतं. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत बॅटरीची माहिती मेनूत दिसते, ‘रिचार्ज परफॉर्मन्स’ म्हणून तीन पट्ट्या असतात. निकॉनमध्ये बॅटरीचं वय ० ते ४ असं दाखवतात, ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदला. वापरलेला कॅमेरा घेताना हे आधी उघडून बघावं.

चकवा

वाचतोय. माझाही टाइमलॅप्सचाच प्रश्न आहे.

ध्रुवतारा

रात्रीच्या टाइमलॅप्सबद्दल मी लिहितो. हे माझ्या आवडीचं काम आहे, त्यामुळे लांबेल.

सगळ्यात आधी एक भेद समजून घ्या. यूएसबीने कॅमेरा चार्ज होणं आणि यूएसबीवर कॅमेरा चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही कॅमेरे बंद असतानाच चार्ज होतात. चालू केले की यूएसबीची वीज घेणं थांबवतात. काही चालू असताना वीज घेतात पण आत बॅटरी असावीच लागते, आणि यूएसबीची वीज कमी पडली की उरलेली त्या बॅटरीतून ओढतात. काहींना साधी ५ व्होल्टची वीज चालत नाही, पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी असलेली पॉवर बँक आणि तशीच केबल लागते. तुमच्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत ‘चार्जिंग’ आणि ‘पॉवर सप्लाय’ ही दोन पानं वेगवेगळी असतात, दोन्ही वाचा. मेनूत ‘यूएसबी पॉवर सप्लाय’ असा पर्याय असेल तर तो चालू करावा लागतो, नाहीतर केबल लावून काही होत नाही.

बॅटरीची पिढीसुद्धा बघावी लागते. निकॉनच्या झेड६, झेड७ मध्ये जुनी ईएन-ईएल१५ किंवा १५ए घातली तर कॅमेरा चालतो, पण यूएसबीने ती चार्ज होत नाही. १५बी आणि १५सी होतात. कॅनन ईओएस आर मध्ये एलपी-ई६एन यूएसबीने चार्ज होते, तिच्या आधीची साधी एलपी-ई६ होत नाही. केबल बिघडली, पोर्ट गेलं असं वाटून लोक कॅमेरा दुरुस्तीला नेतात. आधी बॅटरीवरचं शेवटचं अक्षर बघा.

आता डमी बॅटरी. बॅटरीच्याच आकाराचा पोकळ प्लॅस्टिकचा ठोकळा, आत सेल नाहीत, नुसत्या पट्ट्या आणि त्यातून निघालेली तार. कंपन्या याला डीसी कपलर म्हणतात. बॅटरीच्या झाकणाच्या कडेला एक छोटी रबरी झडप असते, बऱ्याच जणांच्या ती कधी लक्षातही आलेली नसते. ती उचलली की तार बाहेर काढून झाकण नीट लावता येतं. झाकण उघडं राहिलं तर बरेच कॅमेरे चालूच होत नाहीत.

तारेच्या दुसऱ्या टोकाला काय लावायचं हे महत्त्वाचं. कॅननच्या एलपी-ई६ कुळाच्या कपलरला जाणारा अडॅप्टर ८ व्होल्टचा असतो, निकॉनचा ईएच-५बी ९ व्होल्टचा. आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून एकाची डमी दुसऱ्याच्या अडॅप्टरला जोडू नका. बाजारात यूएसबी-सी टोकाच्या डमी मिळतात, त्या पॉवर बँकेकडून ९ व्होल्ट मागतात आणि तारेवरच्या लहानशा डबीत ते कॅमेऱ्याला हवं तितकं उतरवतात. पॉवर बँक पीडीवाली आणि ९ व्होल्ट देणारी असेल तरच हे चालतं. डमी लावण्याआधी मल्टिमीटरने एकदा व्होल्टेज आणि प्लस-मायनस तपासा.

डमीची एक मर्यादा: आत सेल नसल्यामुळे तार निसटली तर कॅमेरा त्याच क्षणी बंद. कार्डावर लिहिणं चालू असेल तर ती फाइल जाते. म्हणून तार ट्रायपॉडच्या पायाला चिकटपट्टीने बांधा आणि कॅमेऱ्याजवळ थोडी सैल ठेवा.

रानवाट

ध्रुवतारा, खूप धन्यवाद. माझ्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत बघितलं, चालू असताना वीज घेतो पण आत बॅटरी हवी असं लिहिलंय. मग मला डमीची गरज नाही, बरोबर? आणि पॉवर बँक मध्येच बंद पडते असं कुठेतरी वाचलं होतं, ते काय?

ध्रुवतारा

> मग मला डमीची गरज नाही, बरोबर?

बरोबर. तुमच्यासाठी पॉवर बँकच उत्तम. आतली बॅटरी भरलेली ठेवा, केबल निसटली तरी मालिका तुटत नाही.

पॉवर बँक बंद पडते त्याचं कारण तिची बचत-व्यवस्था. ओढला जाणारा करंट फार कमी झाला की तिला वाटतं फोन भरला, आणि ती पुरवठा तोडते. दोन फोटोंमध्ये मोठं अंतर ठेवलं, पडदा बंद असला, कॅमेरा झोपला की नेमकं हेच घडतं. उपाय दोन. ‘लो करंट मोड’ असलेली पॉवर बँक घ्या, बऱ्याच बँकांमध्ये बटण दोनदा किंवा लांब दाबलं की तो चालू होतो. नाहीतर तिच्या दुसऱ्या पोर्टला सतत थोडी वीज खाणारं काहीतरी जोडा. लेन्सवर दव बसू नये म्हणून जो यूएसबी हीटरचा पट्टा लावतो, तो दोन्ही कामं करतो.

क्षमतेचा हिशेब एमएएच मध्ये करू नका, वॉट-तासांत करा (एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले हजार). पॉवर बँकेवरचे १०००० एमएएच हे ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे ३७ वॉट-तास. सोनीची एनपी-एफझेड१०० ही ७.२ व्होल्ट, २२८० एमएएच, म्हणजे १६.४ वॉट-तास. व्होल्टेज चढवण्या-उतरवण्यात आणि उष्णतेत वीज जाते, ती वजा केली तर १०००० ची बँक अशी बॅटरी एकदा पूर्ण आणि वर अर्धी भरेल. ‘२२८० ची बॅटरी आहे, चारदा तरी भरेल’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

जुनी_पेटी

पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे कोणी विसरू नका. पेंटॅक्सच्या काही डीएसएलआरमध्ये, उदाहरणार्थ के-३० आणि के-५० मध्ये, वेगळा होल्डर घालून चार एए सेल चालतात. कॅननच्या काही बॅटरी ग्रिपमध्येही (कॅमेऱ्याखाली जोडायचा बॅटऱ्यांचा जोड) एए चा ट्रे येतो. बीजी-ई६ च्या ट्रेमध्ये सहा बसतात.

यात साधे अल्कलाइन सेल लावाल तर निराशा होईल. घड्याळाला ते उत्तम, पण कॅमेरा एकदम जो करंट मागतो तो त्यांना झेपत नाही. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड घ्या. छापील व्होल्टेज १.२ असलं तरी भार पडल्यावर ते टिकून राहतं. त्यातही पडून असताना चार्ज कमी उतरणारे घ्या. सान्योने २००५ साली एनेलूप आणले तेव्हापासून हा प्रकार सर्वत्र मिळतो. नाहीतर चार्ज करून ठेवलेले सेल ऐन वेळी रिकामे निघतात. आणि कॅमेऱ्याच्या मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर तो बरोबर निवडा, नाहीतर भरलेले सेलही संपलेले दाखवतो.

एक धोक्याची सूचना, कृपया सगळ्यांनी वाचा. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब एए असतो, पण तो ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. चार एए च्या कॅमेऱ्यात चार १४५०० घातले तर सहाच्या जागी जवळजवळ सतरा व्होल्ट जातात. कॅमेरा तिथेच संपतो. सेलवरचं व्होल्टेज वाचल्याशिवाय घालू नका.

चकवा

थंडीत काय करावं? डोंगरावर पहाटे बॅटरी धडाधड उतरते.

मृदा

चकवा, थंडीत बॅटरी संपत नाही, तिचा रोध वाढतो म्हणून व्होल्टेज खाली बसतं. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. कॅमेऱ्यातली ‘संपली’ की ती खिशात घाला आणि उबदार आत लावा. थोड्या वेळाने खिशातली पुन्हा बऱ्यापैकी चार्ज दाखवते. पण गोठणबिंदूखाली बॅटरी चार्ज करू नका. सेलच्या आत धातुरूप लिथियमचा थर बसतो, तो परत जात नाही आणि पुढे शॉर्ट होण्याची भीती राहते. तंबूत बर्फासारखी गार झालेली बॅटरी लगेच पॉवर बँकेला लावायची नाही, आधी उबेला येऊ द्यायची.

वीज वाचवायची असेल तर ब्लूटूथ आणि वायफाय बंद करा, फोटो काढल्यावर तो आपोआप दाखवणं बंद करा. टाइमलॅप्ससाठी लेन्सचं स्टॅबिलायझेशनही बंद. ट्रायपॉडवर ते तसंही नको असतं.

पाणकावळा

विमानाने जाणाऱ्यांसाठी: जादा लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँका हातातल्या सामानातच न्यायच्या, चेक-इनच्या बॅगेत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागत नाही. १०० ते १६० मध्ये परवानगी घेऊन जास्तीत जास्त दोन नेता येतात, त्यावर प्रवाशाला नेता येत नाही. २०००० एमएएच ची पॉवर बँक ७४ वॉट-तास भरते, म्हणजे बसते. बॅटरीच्या पट्ट्या उघड्या नकोत, टोपी लावा किंवा चिकटपट्टी मारा. २०२५ पासून काही कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरायलाही मनाई केलीय, तेव्हा आपल्या कंपनीचा नियम बघून निघा.

टिपूर

सोलर पॅनेलबद्दल कोणी विचारलं नाही, तरी लिहितो, कारण जाहिराती बघून लोक घेतात. पॅनेल थेट कॅमेऱ्याला लावू नका. ढग आला की वीज घसरते, चार्जिंग तुटतं, पुन्हा जुळतं. दिवसा पॅनेलने पॉवर बँक भरा, रात्री बँकेने बॅटऱ्या. पॅनेल उन्हात, पण पॉवर बँक त्याच्या सावलीत ठेवा. तापलेल्या बॅटरीचं आयुष्य कमी होतं. बरेच दिवस वीज नसलेल्या ठिकाणी राहायचं असेल तरच याचा उपयोग. दोन-तीन दिवसांसाठी भरलेल्या जादा बॅटऱ्या हलक्या पडतात आणि भरवशाच्याही.

रानवाट

मंडळी, खूप काही हाती लागलं. ईएन-ईएल१० या नावाने बॅटरी सापडली, तारीखही अलीकडची आहे, मागवली. मिररलेससाठी एक ओरिजिनल आणि पीडीवाली पॉवर बँक असं ठरवतोय.

दोन शंका उरल्यात. जुन्या ऑलिंपसची दुसरी एक बॅटरी मधोमध फुगलीय, टेबलावर ठेवली की गरगर फिरते. अजून चार्ज होते. ठेवू का राखीव म्हणून? आणि या कॅमेऱ्याची तारीख दर वेळी बॅटरी काढली की जाते, हा बॅटरीचाच दोष का?

जुनी_पेटी

फुगलेली अजिबात ठेवू नका, चार्जही करू नका. आत वायू तयार झालाय म्हणून ती फुगलीय. कॅमेऱ्यात घातली तर गरम झाल्यावर अजून फुगते आणि बाहेर निघत नाही. मग लोक टोकदार वस्तूने उचकटतात, आणि टोचली की पेट घेऊ शकते. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे लवकरात लवकर द्या. घरच्या कचऱ्यात टाकू नका.

तारखेचं कारण वेगळं आहे. कॅमेऱ्याच्या आत घड्याळासाठी एक लहानसा सेल असतो, तो मुख्य बॅटरीकडून चार्ज होतो. कॅमेरा बरेच महिने बॅटरीविना पडला असेल तर तो रिकामा होतो. नवी बॅटरी आली की पूर्ण भरून कॅमेऱ्यात घाला आणि एक-दोन दिवस तशीच राहू द्या. मग तारीख लावा, बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत घाला. तारीख टिकली तर काम झालं. नाही टिकली तर आतला सेल गेलाय. कॅमेरा त्याशिवायही चालतो, पण बॅटरी बदलली की तारीख तेवढी हाताने लावावी लागेल.